टेबलावर सांडले ते पाणी होते की कसे, याबाबत

प्रति,
मा. मामलतदारसाहेब,
मामलतदार कचेरी, तालुका भाणवाव,
सौराष्ट्र.

अर्जदार : व्रजलाल ओधवजी कोटेचा, वय एकसष्ट, धंदा फरसाण, राहणार लोहाणा शेरी, भाणवाव.

विषय : अर्जदाराच्या नातवावर बजावलेली व नंतर मागे घेतलेली नोटीस पुन्हा लागू करून त्यास दोषी धरणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कचेरीची कारणे दाखवा नोटीस, 'सरकारी दप्तर व अधिकारी भिजविल्याबद्दल'.
२) आपल्याच कचेरीचे त्यानंतरचे पत्र, 'पाण्याचा ग्लास कलंडल्याबद्दल'.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, आपल्या दारी माणसे येतात ती नोटीस रद्द करून घ्यायला. अर्जदार आला आहे तो रद्द झालेली नोटीस परत मागायला. अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे. याबाबत शेरीत दोन मते असली तरी अर्ज पूर्ण वाचल्याखेरीज आपण तिसरे मत बनवू नये, ही पहिली विनंती.

२. अर्जदाराचा मुलगा भाविन व सून रिद्धि यांना गेल्या नोव्हेंबरात राजकोटच्या मोठ्या रुग्णालयात मुलगा झाला. मुलगा गोरा, नाकेला आणि आवाजाला खणखणीत. फक्त लघवी करीत नव्हता. पोट मात्र टमटमीत. तेथील लहान मुलांचे सर्जन डॉ. वासावडा यांनी अर्जदारास बाजूला घेऊन समजावले, "काका, टाकी आहे, नळ आहे, पण मधल्या वाटेत जन्मतःच एक पडदा आलाय. पुढे वाट नाही म्हणून सगळं मागे सरतंय आणि मूत्रपिंडांवर चढतंय. पडदा कापावा लागेल." जन्मून आठवडा झाला नव्हता त्या पोरावर काडीएवढी दुर्बीण घालून शस्त्रक्रिया झाली. अर्जदार त्या वेळी बाहेर बाकावर बसून तेहतीस कोटींना एकेक करून बोलावत होता.

त्याच रात्री मुलाची छठी होती. विधाता येऊन नशीब लिहितो म्हणून कोरा कागद आणि लाल पेन ठेवायचे असते, हे आपण जाणताच. अर्जदाराची पत्नी रसीलाबेन हिने ते पोराला ठेवले होते त्या काचेच्या पेटीवर, कुणाचे लक्ष नसताना ठेवले. सकाळी पाहते तो कागद भरलेला! रात्रपाळीच्या सिस्टरला दुसरा कागद सापडला नाही, तेव्हा तिने नळीतून किती लघवी आली त्याची मापे त्यावर लिहून ठेवली होती. सिस्टरने माफी मागितली. रसीलाबेन म्हणाली, "माफी कसली, बेन? इतकं सुवाच्य आमच्या घरात कुणाचंच नशीब लिहिलेलं नाही." तो कागद आमच्या देवघरात आहे.

३. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच काम दिले. "डायपर बांधायचा नाही. लघवी करताना बघायचं. धार लागते की थेंब थेंब पडतात, एवढंच मला येऊन सांगा. कधी कधी कापलेल्या पडद्याचा तुकडा राहतो, कधी जखम भरताना वाट पुन्हा आवळते. ते मला धारेवरून कळतं." यापेक्षा सोपे काम सरकारनेही कुणाला दिलेले नाही. पण साहेब, आपण आमच्याकडे नवीन आहात. आमच्या शेरीत वाईट बोलत नाहीत. तोंडातून गेले की खरे होते, असा समज आहे. दुकान बंद केले असे म्हणायची पद्धत नाही, दुकान वधावले म्हणायचे. अर्जदाराचे वडील ओधवजीबापा शेवटच्या घटका मोजीत होते तेव्हासुद्धा विचारणाऱ्यास 'बापा जरा आराम करतात' असेच सांगितले जाई, आणि ते गेल्यावरही दोन जणांनी 'आता कसे आहेत?' असे विचारले, कारण त्यांना आरामच पोचला होता.

तेव्हा पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी "धार कशी आहे?" असे विचारले. रसीलाबेन म्हणाली, "फवारा, साहेब!" अर्जदाराची मुलगी दक्षा, म्हणजे मुलाची फोई, म्हणाली, "काल भिंतीवरचं कॅलेंडर भिजलं." अर्जदारानेही मागे राहणे बरे दिसणार नाही म्हणून सांगितले की, "अंगणातल्या तुळशीला आम्ही हल्ली वेगळं पाणी घालत नाही." सून रिद्धि काही बोलू पाहत होती. दक्षाने तिला चिमटा काढला. डॉक्टर खूश झाले, त्यांनी पुढची तारीख लांबची दिली, आणि त्या आठवड्यातच पोर तापाने फणफणले. लघवी आत साठून साठून सडली होती. आजार मूत्रपिंडांपर्यंत गेला होता. पुन्हा राजकोट, पुन्हा काचेची पेटी, पुन्हा दुर्बीण. आत पडद्याचा एक तुकडा शिल्लक होता आणि शेजारी जखमेचा वण धरला होता. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तुळस कशी आहे एवढेच विचारले. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरे झाले असते.

४. दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तोंडी नको. मोबाईलवर काढून पाठवा." आता लघवी करणाऱ्या मुलग्याचे चित्र काढले तर दृष्ट लागते, हे रसीलाबेनचे म्हणणे. ती मोबाईल दिसला की पोरावर पदर टाकी. डॉक्टरांचे रोज विचारणे सुरू होते. अखेर दक्षाने एक ध्वनिचित्रफीत पाठवून दिली. त्यात धार होती आणि ती खरोखरच पाहण्यासारखी होती. पाचव्या मिनिटाला डॉक्टरांचा फोन आला, "व्रजलालकाका, अभिनंदन. मुलाला दोन दात आलेत. या वयात! वैद्यकशास्त्रात नोंद करायला हवी." दक्षाने शेजारच्या शांतिलालच्या पोराचे चित्र पाठवले होते, आणि ते मेले शांतिलालचे पोर ऐन वेळी हसले होते.

त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितले ते अर्जदार शब्दशः देतो, कारण पुढील सर्व त्यावर उभे आहे. "आता नीट ऐका. ताप नुकताच उतरलाय, म्हणून मूत्राशयात औषध सोडून एक्स-रे काढायची तपासणी मला आत्ता करता येत नाही. नळी ठेवावी तर नळीनेच पुन्हा ताप येतो. आणि इथे आणलंत की हा शहाणा माझ्यासमोर एकदाही करत नाही, रडतो नाहीतर झोपतो. सोनोग्राफीत मूत्राशय भरलेलं दिसतंय. त्याचे दोन अर्थ आहेत. वाट मोकळी आहे पण मूत्राशय थकलंय, तर औषध आहे आणि थांबायला वेळ आहे. वाट पुन्हा आवळली असेल तर वेळ नाही. मग मला बेंबीखाली पोटाला भोक पाडून लघवी तिथून बाहेर काढावी लागेल, वर्ष-दोन वर्षं. नाहीतर मूत्रपिंडं जातील. एकदा, फक्त एकदा, खरी धार लागलेली कुणी पाहिली असेल तर वाट मोकळी आहे असं मी धरेन. पण तुमच्यापैकी कुणी नको. घरचा नको, शेरीतला नको, तुमच्या दुकानातले गाठिया खाणारा नको. ज्याला तुमचं मन राखायची काही गरज नाही, असा एक माणूस आणा."

साहेब, अख्खा भाणवाव अर्जदाराचे गाठिया खातो. नगरशेठ खातो, पुजारी खातो, फौजदार तर उभ्या उभ्या खातो. सगळ्या तालुक्यात न खाणारा माणूस एकच. आपणास आम्लपित्त आहे आणि आपण दक्षिणेकडचे आहात. सकाळी आपण भाकरी आणि दही घेता, हे गावास ठाऊक आहे व गावाने ते मोठ्या मनाने सहन केले आहे.

५. यानंतर घडलेल्या प्रकारास सर्वस्वी आपली कचेरी जबाबदार आहे, हे अर्जदार आभारपूर्वक नमूद करतो. पोराच्या उपचाराच्या सरकारी योजनेच्या कार्डासाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून अर्जदाराने अर्ज केला होता. त्यावर आपले शिरस्तेदार श्री. डाभी यांनी शेरा मारला की, 'लाभार्थीस समक्ष हजर करावे.' लाभार्थी दोन-अडीच महिन्यांचा असल्याचे अर्जदाराने निदर्शनास आणले. डाभीभाई म्हणाले, "मोटाभाई, नियम वय बघत नाही. गेल्या वर्षी एक म्हातारा खाटेसकट आणला होता." सबब लाभार्थीस झबले घालून, डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे खालून मोकळे ठेवून, समक्ष हजर करण्यात आले.

आपण त्या वेळी हद्दीच्या एका दाव्याचे कागद पाहत होता. लाभार्थी रिद्धिच्या हातांवर, तोंड आपल्याकडे. आपण चष्मा नीट करून पुढे वाकलात आणि म्हणालात, "हाच का तो?" यापुढील क्षण नेमका कुणी पाहिला याचा घरात पुष्कळ काथ्याकूट झालेला आहे. रसीलाबेन व दक्षा घरी होत्या, भाविन दुकानावर होता. अर्जदार डाभीभाईंनी बोट ठेवले होते तिथे खाली मान घालून सही करत होता. रिद्धि समोर होती, पण सासरा आणि साहेब दोघे हजर असताना सुनेने तोंडावर पदर ओढलेला असतो, आणि तो तिने हनुवटीच्याही खाली ओढला होता. म्हणजे ज्या घटनेसाठी आमचे घर दोन-अडीच महिने डोळ्यांत तेल घालून बसले होते, ती घडली तेव्हा घरच्यांपैकी एकालाही दिसली नाही.

अर्जदाराने मान वर केली तेव्हा आपल्या चष्म्यावरून पाणी ओघळत होते. सदऱ्याचा खिसा भिजला होता. दाव्याचे कागद भिजले होते. आणि टेबलावर आपला पाण्याचा ग्लास आडवा झालेला होता. डाभीभाई ओरडले, "साहेब, उठा उठा, मुतलं!" आपण उठलात आणि म्हणालात, "या तालुक्यात एवढंच व्हायचं राहिलं होतं." शिपाई फडके घेऊन धावला. साहेब, त्या वेळी अर्जदार आपल्या पाया पडला, ते आपण माफी समजलात. ती माफी नव्हती.

६. त्या दिवशी आमच्या शेरीत जे झाले ते दिवाळीलाही होत नाही. रसीलाबेनने नारळ वाढवला. दक्षाने सांगून टाकले की, आता ती नाव ठेवणार, कारण नाव ठेवायचा हक्क फोईचा, आणि धार पाहिल्याशिवाय नाव ठेवणार नाही असे व्रत तिने धरले होते. म्हणूनच आपल्या नोटिशीत आरोपीचा उल्लेख 'नाव नसलेला इसम' असा करावा लागला. अर्जदार संध्याकाळी पेढ्यांचा डबा घेऊन आपल्या बंगल्यावर आला. आपण दारातच विचारलेत, "हे कशाबद्दल?" अर्जदार म्हणाला, "आज सकाळच्या प्रसंगाबद्दल." आपण दार लावून घेतलेत. दुसऱ्या दिवशी संदर्भ क्र. १ ची नोटीस आली. तीत स्पष्ट लिहिले होते की, 'सदर इसमाने टेबलाच्या संपूर्ण रुंदीवरून अधिकाऱ्याच्या चष्म्यापर्यंत लघवी करून सरकारी कामात अडथळा आणला.' टेबलाच्या संपूर्ण रुंदीवरून! इतके सुंदर सरकारी वाक्य अर्जदाराने आयुष्यात वाचलेले नाही. ते आम्ही मोठ्याने दोनदा वाचले. रसीलाबेनने नोटिशीला कुंकू लावले आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायची म्हणून ती देवघरात ठेवली. ती आमच्या घरावर बजावलेली पहिली नोटीस आणि पूजा झालेलीही पहिलीच.

७. आणि मग, साहेब, आपण आमच्यावर दया केलीत.

गाव द्वाड आहे, हे अर्जदार मान्य करतो. आपली जीप निघाली की पानवाल्यापाशी पोरे छत्र्या उघडून उभी राहू लागली. बाजारात आपणास 'भिजणारे साहेब' म्हणू लागले. जिल्ह्याच्या बैठकीत कुणी तरी आपणास रेनकोट भेट दिला, असेही ऐकिवात आहे. ते खोटे असावे. हे सर्व थांबावे म्हणून डाभीभाईंनी तोडगा काढला आणि संदर्भ क्र. २ चे पत्र आपल्या सहीने निघाले की, 'चौकशीअंती असे दिसून येते की टेबलावर केवळ पाण्याचा ग्लास कलंडला. पूर्वीची नोटीस गैरसमजातून निघाली. बालक निर्दोष आहे.'

ते पत्र घेऊन डाभीभाई स्वतः दुकानावर आले. कढई तापलेली होती. म्हणाले, "मोटाभाई, सुटलात! तोंड गोड करा!"

अर्जदार म्हणाला, "डाभीभाई, हे काय करून बसलात? मग मुतलं कोण?"

"कुणीच नाही. पाणी होतं."

"तुम्हीच ओरडलात की!"

"मी 'साहेब, उठा' एवढंच ओरडलो."

"आणि 'मुतलं'?"

"ते तुम्हाला ऐकू आलं असेल. अहो, भल्या माणसाची शोभा झाली, आणि तुमच्या पोरालाही जन्मभर चिकटलं असतं. शेवट गोड तर सगळं गोड."

अर्जदाराने त्यांना नीट निरखून पाहिले. डाभीभाई जन्माने भाणवावचेच, आमच्या मागच्या शेरीतले. आपल्या कचेरीत ते वीस-बावीस वर्षे आहेत. साहेब, आपण कोरडे, सडेतोड आलात आणि इथल्या हवेने आपल्यालाही गोड केले, याचे अर्जदारास अतोनात दुःख झाले.

दक्षा म्हणाली, दुसरे पत्र कढईखाली सारू, डॉक्टरांना पहिलेच दाखवू. पण रिद्धिने तोवर दोन्हींचे फोटो काढून राजकोटला पाठवले होते. डॉक्टरांनी फोन केला. "काका, माझी समजूत होती की फक्त तुमची शेरी अशी आहे. आता सरकारही तुमच्या शेरीत राहायला आलेलं दिसतं. मी दोनदा कचेरीत फोन केला. दोन्ही वेळा कुणी डाभी म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि पाणीच होतं. या कागदांवर मी काहीच ठरवू शकत नाही. मंगळवारी मुलाला घेऊन या. तयारीने या."

८. सबब अर्जदार खालील मुद्दे आपल्या न्यायबुद्धीसमोर ठेवतो.

अ) ग्लास कलंडला तर पाणी खाली जाते. चष्मा टेबलाच्या वर होता. पाणी उलटे चढल्याचा प्रकार भाणवावात यापूर्वी नोंदलेला नाही.

ब) भिजलेले कागद शिपायाने गच्चीवर वाळत घातले व त्यांच्याजवळ उदबत्ती लावली. स्वच्छ पाणी सांडल्यावर उदबत्ती लावायची रीत अर्जदाराने कुठे पाहिलेली नाही.

क) तरीही ग्लास आडवा होता, हे अर्जदार नाकारीत नाही.

ड) आरोपी गुन्हा कबूल करण्यास तयार आहे. त्याच्यातर्फे अर्जदार कबूल करतो. दंड भरू. कोठडी दिल्यास आईस बरोबर ठेवण्याची परवानगी असावी, कारण आरोपी अंगावर पितो. गावासमोर माफी मागायची असल्यास अर्जदार चौकात, पोरांच्या छत्र्यांखाली उभा राहून मागेल. छत्र्या उघडणाऱ्या पोरांचे बाप अर्जदाराच्या ओळखीचे आहेत, त्यांचाही बंदोबस्त होईल. आपल्या नावाला बट्टा लागू नये यासाठी जे करायचे ते अर्जदार करील. फक्त निर्दोष म्हणू नये.

९. येथवर अर्ज लिहून अर्जदाराने काल रात्री लेखणी ठेवली होती, आणि आज तो तसाच घेऊन आपल्याकडे येणार होता. मध्ये एक गोष्ट झाली ती लिहिणे भाग आहे.

आज सकाळी रसीलाबेन देवळात गेली असताना अर्जदार पोराला मांडीवर घेऊन अंगणात उन्हात बसला. पोराने तोंड वाकडे केले, पाय पोटाशी ओढले, कण्हले. अर्जदार खाली वाकून बघू लागला. या तीन महिन्यांत तो असा वाकला नव्हता. बघतो म्हणायचा आणि आभाळाकडे बघायचा. साहेब, धार नव्हती. थेंब होते. थांबून थांबून पडत होते, आणि पोर प्रत्येक थेंबाला जोर करत होते.

सून रिद्धि दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने अर्जदारासमोर पदर मागे टाकला. लग्नाला चार वर्षे झाली, सुनेचा चेहरा अर्जदाराने आज समोरून पाहिला. डोळ्यांखाली काळे झाले आहे. म्हणाली, "बापुजी, मी रोज हेच बघते. मला कुणी विचारतच नाही. विचारलं तर दक्षाबेन चिमटा काढतात. त्या दिवशी कचेरीत माझ्या हातांना एवढंच कळलं की तो एकदम ताठ झाला आणि मग सैल पडला. असा तो कधी सैल पडत नाही. पण मी पाहिलं नाही. मी शपथ घेणार नाही." मग म्हणाली, "पोटाला भोक पाडायचं तर पाडू दे. मी त्यातून सांडलेलं पुसत बसेन दोन वर्षं, मला त्याची लाज नाही. पण खोट्यावर नको. ना चांगल्या खोट्यावर, ना वाईट." अर्जदार घरात जाऊन लेखणी घेऊन बसला.

१०. तरी विनंती अशी की, वरील कलम ८ मधील वादविवाद आपण सोडून द्यावा. उदबत्ती सोडून द्यावी. नोटीस परत दिली नाहीत तरी चालेल. अर्जदारास आता आपल्याकडून दयाही नको आणि शिक्षाही नको. त्या टेबलाच्या पलीकडे, पोराकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी बसलेला माणूस या जगात एकच होता. त्याने काय पाहिले एवढेच डॉ. वासावडा यांना येत्या मंगळवारच्या आत सांगावे. गावास कळायला नको असेल तर कळणार नाही. आम्ही या बाबतीत तोंड बंद ठेवण्यात तरबेज आहोत.

आणि एक भीती आहे तीही लिहितो. हा अर्ज वाचून आपले मन द्रवेल, आणि आठवत नसले तरी 'होय, धार होती' असे आपण सांगाल. कृपा करून तसे करू नये. आपण धार पाहिली असेल तर पोराचे पोट वाचेल. पाणीच पाहिले असेल तर मंगळवारी वेळेवर चाकू लागेल आणि पोराची मूत्रपिंडे वाचतील. दोन्हींत पोर वाचते. आपण आमच्यासाठी गोड बोललात, तर मात्र वाचत नाही.

सोबत : १) नोटीस (कुंकवासह). २) त्यानंतरचे पत्र. ३) डॉ. वासावडा यांचा दूरध्वनी क्रमांक. साहेबांनी थेट बोलावे, अर्जदार मध्ये येणार नाही.

आपल्या एका खऱ्या शब्दासाठी कचेरीबाहेर थांबलेला,

(सही)
व्रजलाल ओधवजी कोटेचा

(सही)
रिद्धि भाविन कोटेचा, मुलाची आई
हिने अर्ज स्वतः वाचला व कलम ९ मधील आपले म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले.

भाणवाव, दि. ८ फेब्रुवारी २०१९